फाटक लाव, मार्नी!

मित्रांनो, मी पाच कोनांची एक जुनी रबरी पाटी आहे. सॉफ्टबॉलच्या मैदानात मला होम प्लेट म्हणतात. नेब्रास्कातल्या आमच्या ब्रेनिक गावची माणसं मात्र नुसतं 'घर' म्हणतात आणि मलाही तेच आवडतं. एके काळी मी पांढरीशुभ्र होते. आता माझा रंग खरवडलेल्या भांड्यासारखा झाला आहे. माझ्या डाव्या कोपऱ्यापाशी बोटभर खोल चीर आहे. ती कशी पडली, एवढंच सांगायला मी आज तोंड उघडलं आहे. खरं तर आधीच उघडायला हवं होतं. पण मला तोंड कुठे होतं? आणि ज्यांना होतं, त्यांनी तरी कुठे उघडलं?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम रबर साच्यात दाबलं, थंड केलं, कडा तासल्या, की झाली मी. माझ्यासारख्या शेकडो बहिणी एकमेकींवर रचून ट्रकात घातल्या आणि आमची ताटातूट झाली. मी ब्रेनिकला आले तेव्हा जमिनीतला बर्फ नुकता वितळला होता. ड्वेन पोस्पिशिल नावाच्या माणसाने गुडघ्यांवर बसून माझ्यासाठी खड्डा खणला. मला त्यात ठेवून चारी बाजूंनी माती ठोकली. मग जमिनीला गाल टेकवून त्याने मला एका डोळ्याने पाहिलं आणि म्हणाला, "हं. केसभरही वर येऊ नकोस, बाई. तुझी कड वर आली, की कुणाचा तरी पाय मोडेल."

जगात येऊन मी ऐकलेलं पहिलं बोलणं ते. पाय मोडेल. मी घाबरून जी जमिनीला चिकटले, ती चिकटलेच. माझी कड कधीच वर आली नाही. पाय मोडला तो दुसऱ्याच गोष्टीने.

ड्वेन दिवसा ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी अंपायर व्हायचा. दोन तालुक्यांत मिळून तो एकटाच. त्याचा शर्ट निळा, म्हणून मैदानात शिरला की सगळे त्याला 'ब्लू' म्हणायचे. मैदानाबाहेर तो पोरींचा ड्वेनकाका. प्रत्येक डावाआधी तो फेरी मारून माझ्यासमोर यायचा, मैदानाकडे पाठ करायचा, खिशातून लहानसा ब्रश काढायचा आणि वाकून माझ्यावरची माती झाडायचा. बाकड्यांवर बसलेल्या आयाबायांना पाठ दाखवून वाकायचं नाही, हा अंपायर लोकांचा रिवाज आहे. ब्रशचे चार फटके मारायचे आणि सरळ व्हायचं. बाकी सगळे मला तुडवायचे. माझ्या तोंडाकडे बघणारा तो एकच होता, म्हणून माझा त्याच्यावर जीव होता. आजही आहे, मित्रांनो. म्हणूनच हे सांगणं जड जातं.

या खेळात पळणारी मुलगी माझ्यापासून निघते, तीन कोपरे फिरते आणि परत माझ्याकडे येते. आली, मला हात किंवा पाय लावला, की धाव. कॅचर माझ्यामागे बसते आणि पळणारी येण्याआधी चेंडू हातात घेऊन तिला टेकवते, की ती बाद. एवढाच खेळ. पण या एवढ्याशा जागेत, माझ्या सतरा इंचांवर, जितकी भांडणं होतात तितकी सबंध मैदानात होत नाहीत.

हिवाळ्यात ड्वेन मला उपटून चर्चच्या हॉलखालच्या तळघरात न्यायचा आणि तिथल्या फरशीवर ठेवून पोरींना नियम शिकवायचा. बाहेर बर्फ पडायचा, आत हीटर खडखडायचा, आणि दहा-बारा पोरी मोजे घालून माझ्याभोवती बसायच्या. त्यातली मार्नी हावलिक तेव्हा नऊ वर्षांची होती. समोरचे दोन दात पडलेले आणि प्रश्न विचारण्याची भारी हौस.

"ड्वेनकाका, पळणारीने घराला हातच नाही लावला, आणि कॅचरनेही तिला चेंडू नाही टेकवला, तर?"

"तर मी गप्प."

"गप्प? तुम्हाला दिसलं तरी?"

"दिसलं तरी. हात हलवायचा नाही, तोंड हलवायचं नाही. मी सांगितलं तर एका बाजूला मदत केल्यासारखं होईल. जिच्या ध्यानात येईल तिने करावं."

"अळीमिळी गुपचिळी!" एक पोरगी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

मार्नी हसली नाही. "मग तुम्ही बोलता कधी?"

ड्वेन उभा राहिला. त्याने डावा हात खांद्याएवढा उचलून बाजूला आडवा ताणला आणि मूठ घट्ट बंद केली. "कुणी कुणाची वाट अडवली, की हे. कॅचरच्या हातात चेंडू नसेल, तर पळणारीच्या वाटेत पाय टाकायचा नाही. टाकला तर माझी ही मूठ उठणार. खेळ थांबत नाही, पण मी बघितलंय हे सगळ्यांना कळतं. आणि शेवटी ती धाव मी पळणारीला देतो. इथे गप्प बसणं म्हणजे चोरी."

गप्प बसण्याचे असे दोन प्रकार त्याने त्या दिवशी पोरींना शिकवले. एक कर्तव्याचा, एक चोरीचा. दोन्ही बाहेरून अगदी सारखे दिसतात. तेव्हा मला वाटलं, किती शहाणा माणूस आहे हा! पुढे तोच त्या दोहोंत घोटाळा करील, हे त्या तळघरात कुणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का?

पोरी मोठ्या झाल्या. सोळाव्या वर्षी मार्नी अख्ख्या तालुक्यातली सगळ्यात चांगली कॅचर होती. तिच्या गुडघ्यांत स्प्रिंगा होत्या म्हणा ना! बसल्या जागेवरून उडी मारून ती चेंडू फेकायची आणि दुसऱ्या कोपऱ्यावरची पोर पोहोचण्याआधी चेंडू तिथे हजर. तिला विद्यापीठाच्या संघात खेळायचं होतं. दुसरं काही तिच्या डोक्यातच नव्हतं. माझ्यामागे बसल्या बसल्या ती पुटपुटायची, "अजून दोन वर्षं, गुडघ्यांनो. दोनच वर्षं." ते फक्त मला ऐकू यायचं.

मग गावच्या संघाला नवा प्रशिक्षक मिळाला, लायल क्रेची. दोनशे गाई पाळणारा माणूस, आवाज बैलासारखा. मनाने वाईट नव्हता, पण हरणं त्याला ठाऊक नव्हतं. आणि मित्रांनो, आमचं गाव गुराढोरांचं. इथे पोर चालायला लागली, की तिला पहिली शिकवण मिळते ती फाटक लावायची. शेतात शिरलीस, फाटक लाव. बाहेर आलीस, फाटक लाव. एकदा फाटक उघडं राहिलं, की गुरं हमरस्त्यावर. त्यामुळे इथे दारुड्याला माफी आहे, पण फाटक उघडं टाकणाऱ्याला नाही. आमच्या मैदानाच्या तारेच्या फाटकावरसुद्धा पाटी आहे, 'फाटक लावा'.

लायलने नेमकी तीच सवय पकडली.

"पोरी, चेंडू हातात येईस्तोवर वाट कसली बघतेस?" तो मार्नीला म्हणाला. "समोरून गाय सुटलीय आणि तू उभी राहून विचार करतेस? आधी पाय आडवा टाक. फाटक लाव! गाय निघून गेल्यावर लावून काय उपयोग?"

"पण ड्वेनकाका म्हणतात की चेंडू नसताना..."

"ड्वेनच्या घरी गाई आहेत का? नाहीत ना? मग!"

सगळे हसले. मार्नीही हसली. तिने डावा पाय माझ्या कडेला लावून आडवा टाकला, तेव्हा तिच्या नडगीचं कवच मला पहिल्यांदा घासलं. थंडगार, कडक प्लॅस्टिक. मला ते आवडलं नाही.

पहिल्यांदा तिने सामन्यात तसं केलं तेव्हा ब्रेनिक नऊ धावांनी पुढे होतं. समोरचा संघ अगदीच लिंबूटिंबू. पळणारी पोर मार्नीच्या पायाला अडखळली, बाद झाली आणि स्वतःच हसत उठून गेली. ड्वेनचा डावा हात जरासा हलला. मग खाली गेला. पुढच्या डावाआधी तो माझ्यावर वाकला, चार फटके मारले आणि पुटपुटला, "नऊ धावा पुढे आहेत. कशाला? पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी ब्रेनिक सात धावांनी पुढे होतं. त्याच्या पुढच्या वेळी चार. दर वेळी ब्रश मारताना तो मला काही ना काही कारण सांगायचा. मी कोण ऐकणारी? पण त्याला कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, यातच सगळं आलं. तुमच्या मराठीत म्हणतात ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. तो काळ उन्हाळाभर माझ्या अंगावर सोकावत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

उन्हाळ्याच्या शेवटी डॉयल गावाशी अंतिम सामना होता. तो सामना म्हणजे आमच्याकडे सणच. हरलेल्या गावच्या बायकांनी पुढच्या रविवारी जिंकलेल्या गावाला कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, भाजून न्यायचे, असा रिवाज. ब्रेनिक लागोपाठ चार वर्षं हरलं होतं. आमच्या बायका कोलाचे भाजून भाजून पार वैतागल्या होत्या.

"ब्लू!" मार्नीची आई शेरिल बाकड्यावरून ओरडली. "यंदा पण मला कणीक तिंबायला लावलीत तर तुमच्या घरी येऊन तिंबेन हं!"

ड्वेन हसला, पण त्याच्या मानेवर घाम होता. ज्या गावात जन्म गेला, त्या गावाच्या डोळ्यांदेखत त्याच गावाविरुद्ध मूठ उचलणं सोपं नसतं.

शेवटचा डाव. ब्रेनिक एका धावेने पुढे, आणि डॉयलची शेवटची एकच पोर बाद व्हायची बाकी. डॉयलची टेरिन स्टूर नावाची लांब पायांची पोर दुसऱ्या कोपऱ्यावर होती. चेंडू लांब गेला आणि टेरिन सुटली. तिची पावलं मला जमिनीतून कळत होती. तिसरा कोपरा ओलांडला. लायल बोंबलला, "फाटक लाव, मार्नी!" आणि मार्नीचा पाय आला आडवा. चेंडू अजून पार लांब, हवेत.

टेरिनने तो पाय पाहिला आणि शेवटच्या क्षणी बाहेरून वळसा घातला. तोल जाऊन पडली. पडता पडता तिने माझ्याकडे हात फेकला. दोन बोटं, मित्रांनो! फक्त दोन बोटांचं अंतर राहिलं. तेवढ्यात चेंडू आला, मार्नीने झडप घातली, पण तिचाही हात हुकला. दोघीही धुळीत. मला कुणी शिवलं नव्हतं, आणि टेरिनलाही कुणी शिवलं नव्हतं.

ड्वेन पुतळ्यासारखा उभा. ना हात, ना शब्द. त्या गप्प राहण्याचा अर्थ अख्ख्या मैदानात फक्त मार्नीला कळला, कारण तळघरात तिनेच तो प्रश्न विचारला होता. तिने मागे वळून, रांगत परत येणाऱ्या टेरिनच्या पाठीवर चेंडू टेकवला. ड्वेनचा उजवा हात उठला. बाद! ब्रेनिक जिंकलं!

ते गप्प बसणं बरोबरच होतं. मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्याच्या आधी, पाय आडवा पडला त्या क्षणी, डावी मूठ उठायला हवी होती. ती उठायला निघाली होती. कमरेपर्यंत आलेली मी पाहिली. मग ड्वेनने पँट वर ओढली, जणू हात त्यासाठीच निघाला होता.

टेरिनचा गाल माझ्यापासून हातभर अंतरावर होता. "ब्लू, तिच्याकडे चेंडू नव्हता. तुम्ही बघितलंत. तुम्ही इथेच उभे होतात."

"ऊठ पोरी," ड्वेन म्हणाला. "सामना संपला."

तिने तोंड पुसलं. ती रडली नाही. उठता उठता, अगदी हळू, ती म्हणाली, "अच्छा. म्हणजे इथे वळसा घालायचा नसतो."

हे फक्त ड्वेनने ऐकलं आणि मी. माझ्या अंगाखालची माती तापलेली होती, तरी मला हुडहुडी भरली.

गर्दी पांगल्यावर मार्नी एकटी परत आली. गळ्यात पदक, अंगभर धूळ. तिने विचारलं, "ड्वेनकाका, खरं सांगा. माझा पाय आधी होता का हो?"

आता बघा. पोर स्वतःहून विचारत होती. तिला खरं हवं होतं. एक शब्द बोलायचा होता त्याने. 'हो' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

"जिंकलात ना?" ड्वेन म्हणाला. "जा, आई वाट बघतेय."

त्या रविवारी डॉयलच्या बायकांनी कोलाचे आणले. सगळ्यांनी बोटं चाटली. ड्वेनने एकही खाल्ला नाही, असं त्याची बायको नॅडीन नंतर शेजारणीला सांगत होती.

त्या हिवाळ्यात तळघरातले वर्ग झालेच नाहीत. मी ड्वेनच्या गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांशेजारी पडून होते. जानेवारीत एका दुपारी तो आत आला, मला जमिनीवर ठेवलं, माझ्यामागे उभा राहिला आणि डावा हात आडवा करून मूठ आवळली. हात खाली. पुन्हा वर. असं वीसेक वेळा केलं त्याने. शेवटी नॅडीनने दारातून विचारलं, "काय रे, खांदा धरलाय का?"

"हं," तो म्हणाला. "थोडा जड झालाय."

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ब्रेनिक आणि डॉयल. अंतिम सामना दर वर्षी आमच्याच मैदानावर, म्हणून पुन्हा मीच. सकाळपासून दक्षिणेचा गरम वारा सुटला होता. झेंड्याची दोरी खांबावर टाक टाक आपटत होती, थांबतच नव्हती. जाळीमागे गवती टोपी घातलेली एक अनोळखी बाई वही घेऊन बसली होती. ती विद्यापीठाची प्रशिक्षक होती आणि फक्त मार्नीला बघायला आली होती. मार्नी माझ्यामागे बसली आणि गुडघ्यांवर थोपटून म्हणाली, "आज, गुडघ्यांनो. आजच."

ड्वेन दोन तास आधीच आला होता. त्याने मला झाडलं. चार नव्हे, पंधरा-वीस फटके मारले. "आज उचलीन," तो मला म्हणाला. मग धीर करून मार्नीकडे गेला. "मार्नी, आज पाय वाटेत टाकू नकोस. चेंडू आल्यावरच."

मार्नी हसली. "का हो ब्लू? गेल्या वर्षी चालला. मग आज काय झालं?"

त्याला तिथेच, त्याच क्षणी सांगता आलं असतं. तो सांगणारही होता, मला खात्री आहे. पण लायल गरजला, "ओ ब्लू! माझ्या कॅचरला शिकवायचं काम माझं. तुमचं काम खेळ सुरू झाल्यावर!" बाकड्यांवर हशा पिकला. ड्वेनने अंपायरचा जाळीचा मुखवटा तोंडावर ओढला.

चौथ्या डावापर्यंत काही झालं नाही. काही होत नव्हतं, त्याचीच मला भीती वाटत होती. मग पाचव्या डावात टेरिन स्टूर दुसऱ्या कोपऱ्यावर आली. तिथून ती तिसऱ्या कोपऱ्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. पुढचा चेंडू मैदानात गेला आणि जमिनीतून मला ती पावलं कळली. गेल्या वर्षीपेक्षा जड होती. वळणावर जराही मंदावली नाहीत.

"फाटक लाव, मार्नी!"

पाय आला. कवच माझ्या कडेला घासलं. चेंडू अजून हवेत. आणि माझ्या डोक्यावर ड्वेनचा डावा हात उठला. सरळ, आडवा, ताठ. मूठ घट्ट बंद. उठली, मित्रांनो, मूठ उठली! सगळ्या गावादेखत उठली!

पण टेरिन मुठीकडे बघतच नव्हती. तिने वळसा घातला नाही. ती घसरतही आली नाही. तिने खांदा खाली केला आणि आली तशी शिरली.

ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज झाला. टेरिनच्या बुटाचा खिळा माझ्यात रुतला आणि कोपऱ्यापर्यंत फाडत गेला. चेंडू आला, कुणीच पकडला नाही, जाळीपर्यंत घरंगळत गेला. झेंड्याची दोरी टाक टाक वाजत राहिली.

नियम सांगते, तो सरळ आहे. वाट अडवली तर धाव पळणारीची. पण पळणारीने जाणूनबुजून धडक मारली, तर मागचं सगळं पुसलं जातं. ती बाद, आणि मैदानाबाहेर. ड्वेनने उजवा हात उचलला. टेरिनला बाद दिलं आणि फाटकाकडे बोट दाखवलं. डॉयलची माणसं जाळीला लटकून ओरडत होती, "मूठ वर होती! सगळ्यांनी बघितली!" पण निकाल बरोबर होता. मला त्यात तसूभर चूक काढता येत नाही. एक वर्ष उशिरा आलेला बरोबर निकाल होता तो, एवढंच.

टेरिन फाटकापर्यंत गेली आणि तिथेच मटकन खाली बसली. तिला उलटी झाली. तिच्या आईने पाठीवरून हात फिरवला, तशी ती हुंदके देत म्हणाली, "मला तिला नव्हतं मोडायचं गं. मला फक्त ते फाटक मोडायचं होतं."

मार्नी माझ्यावर गाल टेकवून पडली होती. तिच्या घामाची चव मला आजही आठवते. शेरिल तिचं डोकं मांडीवर घ्यायला बघत होती. रुग्णवाहिका पलीकडच्या तालुक्यातून यायची होती. ड्वेन मुखवटा फेकून गुडघ्यांवर बसला.

"ड्वेनकाका," मार्नी दात आवळून म्हणाली, "माझा पाय आधी होता का?"

"हो, बाळा," तो म्हणाला. "गेल्या वर्षीही होता."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मग सांगितलं का नाहीत? मी विचारलं होतं तुम्हाला."

जाळीमागच्या गवती टोपीवाल्या बाईने वही मिटली आणि पर्समध्ये ठेवली.

सामना तिथेच थांबला. त्या रविवारी दोन्ही गावच्या बायका कोलाचे घेऊन इस्पितळात गेल्या. एवढे डबे, की नर्सबाईंना ठेवायला जागा नव्हती. कुणी खाल्ले नाहीत. मार्नीच्या गुडघ्याची दोनदा शस्त्रक्रिया झाली. ती चालायला लागली, पण पुन्हा कधी माझ्यामागे उकिडवी बसू शकली नाही. टेरिननेही खेळ सोडला, असं कानावर आलं. एका न उठलेल्या मुठीने दोन पोरी खेळातून गेल्या.

माझ्या चिरेत पाय अडकेल, म्हणून ड्वेनने मला उपटलं. मैदानात नवी कोरी होम प्लेट आली. मी परत गॅरेजात, रंगाच्या डब्यांशेजारी. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडून पाहिला, त्यांनाही तो आवडला नाही. ड्वेन आत यायचा, हत्यार घ्यायचा आणि माझ्याकडे न बघता जायचा. सहा वर्षं कुणी माझ्यावर ब्रश मारला नाही. मला त्याचा राग आला नाही असं नाही. पण रागापेक्षा कीव जास्त आली.

मग एका वसंतात पावलं ऐकू आली. एक जड, एक ओढलेलं. मार्नी होती.

"काका, ती जुनी पाटी द्या. चर्चच्या हॉलमागे लहान पोरींना शिकवणार आहे मी."

"फाटलीय गं ती. नवी आणून देतो."

"नवी नको. हिला माहीत आहे."

ड्वेनने मला धुतलं. बराच वेळ धुतलं. मग खाली मान घालून विचारलं, "मी येऊ का? झाडायला वगैरे?"

"या," मार्नी म्हणाली. "पण एका अटीवर. डाव्या हाताला सुट्टी नाही."

आता मी हॉलमागच्या गवतात असते. आठ-नऊ वर्षांच्या पोरी, गुडघ्यापर्यंत मोजे, पुढचे दात पडलेले. कुणी चेंडू नसताना वाटेत नुसती उभी जरी राहिली, तरी ड्वेनची मूठ उठते. तो म्हातारा झालाय, हात कापतो, पण उठतो. आईबाप कुरकुरतात, "जाऊ द्या हो ब्लू, लहान आहेत." तेव्हा मार्नी म्हणते, "लहान आहेत म्हणूनच."

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखाने पडून राहिले असते. पण मित्रांनो, रस्त्यापलीकडे गावचं मोठं मैदान आहे. लायल गेला, त्याच्या जागी त्याचा पुतण्या आलाय. अंपायरही नवा आहे, तरुण आहे. आज संध्याकाळी वारा दक्षिणेचा आहे आणि त्या वाऱ्यावर मला पलीकडचं सगळं ऐकू येतंय. आत्ताच एक आवाज आला, तसाच बैलासारखा. "फाटक लाव गं!" मग हशा. मग कुणीतरी तरुण, अवघडलेल्या आवाजात म्हणालं, "असू दे, सराव सामनाच तर आहे. पुढच्या वेळी."

ड्वेन माझ्यावर वाकलेला होता. त्याचा ब्रश दुसऱ्या फटक्यालाच थांबला. त्याने मार्नीकडे पाहिलं, मार्नीने त्याच्याकडे. दोघं निघाले. म्हातारा पुढे, लंगडणारी मागे. जाताना त्यांनी आमच्या अंगणाचं फाटक उघडंच टाकलं. ब्रेनिकमध्ये असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. कुणाची वाट अडवलेली दिसली, तर 'जाऊ द्या' म्हणू नका. सामना छोटा आहे म्हणून, माणूस आपला आहे म्हणून, पुढच्या वेळी बघू म्हणून गप्प बसू नका. आणि एखादं लेकरू येऊन विचारेल, 'माझं चुकलं का हो?' तेव्हा त्याला खरं सांगा. त्याच दिवशी सांगा. मी रबराची आहे, मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं.

रस्त्यापलीकडून जमिनीतून पावलं येताहेत. कुणीतरी तिसरा कोपरा ओलांडलाय आणि मंदावत नाहीये. ते दोघं अजून रस्त्यातच आहेत.